जुन्या-नव्याचं विसण

न्हाणीघर नव्याने करायचं ठरलं तेव्हा माळा रिकामा करावा लागला, आणि सगळ्यात शेवटी खाली आला तो आजीचा तांब्याचा बंब. काळा पडलेला, पोटावर हिरवट डाग, तोटी घट्ट बसलेली. गवंडीकाका म्हणाले, "ताई, मोडीत घाला, तांब्याला भाव चांगला आहे." मी टॉर्च लावून आत डोकावले आणि तशीच बसून राहिले. लहानपणी या बंबाचं पाणी शेकडो वेळा अंगावर घेतलं होतं, पण तो आतून कसा आहे ते कधी पाहिलंच नव्हतं.

बाहेरून बंब पिंपासारखा दिसतो. आत मात्र मधोमध एक नळी उभी असते, तळापासून वरच्या तोंडापर्यंत. विस्तव या नळीत आणि पाणी तिच्याभोवती. तळाशी जाळी आणि राखेची जागा. वरून करवंट्या, ढलप्या, चिपाडं टाकायची. खालून हवा ओढली जाते, धूर वर निघून जातो आणि जाळ नळीच्या अंगाने चढत राहतो. चुलीवर हंडा ठेवला तर आच बाजूंनी निसटते. बंबात विस्तवाला चहूबाजूंनी पाण्यानेच कोंडलेलं असतं, त्यामुळे बाजूला निघालेल्या उष्णतेला पाण्यातून गेल्यावाचून वाट नाही.

रशियन समोवाराची रचना हीच. आणि १८२९ साली जॉर्ज आणि रॉबर्ट स्टीफन्सन या बापलेकांनी 'रॉकेट' नावाचं वाफेचं इंजिन शर्यतीत उतरवलं, त्याच्या बॉयलरचं रहस्यही याच जातीचं होतं: आगीचा गरम झोत नळ्यांतून न्यायचा आणि नळ्यांभोवती पाणी ठेवायचं. तिथे नळ्या पुष्कळ, इथे एक. आजी रोज पहाटे एका बॉयलरला विस्तव घालत होती आणि आम्ही त्याला नुसतं 'बंब' म्हणत होतो.

तांबं तरी का? लोखंडाच्या साधारण पाचपट आणि स्टेनलेस स्टीलच्या पंचवीसेकपट वेगाने तांब्यातून उष्णता वाहते. जाळ पेटला की पलीकडच्या पाण्याला ती लगेच पोचते. आता बंबाच्या अंगावर हात फिरवून पाहा. बोटांना शेकडो छोटे चकचकीत खळगे लागतात, ओळीने, एकमेकांना खेटून. याला मठार म्हणतात. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. मी आजवर मठाराला नक्षी समजत होते. पण तापवून मऊ केलेलं तांबं इतकं लवचीक असतं की पाणी भरल्यावर भांड्याला कुठेही पोचा पडेल. हातोडीचा प्रत्येक ठोका धातूच्या आतली स्फटिकांची रचना थोडी विस्कटतो, त्या विस्कटलेल्या थरांना एकमेकांवरून सरकणं अवघड होतं आणि पत्रा कडक होत जातो. म्हणजे ती नक्षी हीच बंबाची ताकद. तोच ठेका उन्हाळ्यात झाडावरून ऐकू येतो, टुक टुक टुक, आणि त्या पक्ष्यालाही आपण तांबटच म्हणतो.

सध्या जुन्या धाटणीच्या न्हाणीघरांची आवड पुन्हा आली आहे. पितळी नळ, रंगीत नक्षीची फरशी, विटांसारख्या बसवलेल्या पांढऱ्या टाइल्स, गोल आरसा, साखळीची टाकी. दुकानात हे सगळं शोभेचं म्हणून मांडलेलं असतं. बंबाने मला वेगळंच काही दाखवलं. न्हाणीघरात आज जे जुनं आणि सुंदर वाटतं, त्यातल्या बहुतेक वस्तू कधीतरी कुणीतरी एखाद्या अडचणीवर शोधलेलं उत्तर आहेत. ती अडचण कोणती होती हे कळलं की काय ठेवायचं, काय बदलायचं हे आपोआप उमगतं.

पाणी पिऊन घट्ट होणारी फरशी

आधी पायाखाली पाहू. आमच्या न्हाणीबाहेरच्या बोळात नंतरच्या काळात बसवलेली गुळगुळीत फरशी उखडली, तेव्हा खाली जुन्या सिमेंटच्या रंगीत फरश्या निघाल्या. विटकरी लाल, पिवळा आणि काळा, चार फरश्या जुळल्या की एक फूल. बऱ्याच फुटल्या, चौदा वाचल्या.

अशी फरशी कशी बनते ते समजून घ्या. चौकोनी लोखंडी साचा, त्यात पितळेच्या पातळ पट्ट्यांची एक जाळी बसवलेली. जाळीचा प्रत्येक कप्पा म्हणजे नक्षीची एक पाकळी. कारागीर पळीने एकेका कप्प्यात सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि रंग यांचं दाट कालवण ओततो. मग श्वास रोखून जाळी सरळ वर उचलतो. रंग एकमेकांत मिसळत नाहीत, कारण कालवण नेमकं तितकंच दाट असतं. त्यावर कोरडं सिमेंट आणि वाळू भुरभुरवतात. हा कोरडा थर रंगातलं जास्तीचं पाणी शोषून घेतो. पाठीला जाडसर थर देऊन साचा दाबयंत्राखाली जातो. दाब सुटला की फरशी उलटी करून बाहेर काढतात, आणि फूल पहिल्यांदा डोळ्यांना दिसतं.

यानंतर भट्टी नाही. फरशी पाण्याच्या हौदात जाते. सिमेंट वाळून घट्ट होतं असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात ते पाणी पिऊन घट्ट होतं. पाण्याशी संयोग होऊन त्यात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक वाढतात आणि एकमेकांत गुंततात. ज्या वस्तूचं सारं आयुष्य पाण्याखाली जाणार, तिचा जन्मही पाण्यातच होतो. आणि रंग वरवर फासलेला नसून काही मिलिमीटर खोल असतो, म्हणून दोन-तीन पिढ्यांच्या पायांनी झिजूनही फूल पुसलं जात नाही.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या मोठ्या इमारतींसाठी नक्षीदार फरश्या इंग्लंडहून बोटीने येत. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मिंटन कंपनीच्या तशा फरश्या आजही पाहता येतात. त्या मात्र मातीच्या, भट्टीत भाजलेल्या. मग स्वदेशीच्या वाऱ्यात, १९२२ साली, सिधवा कुटुंबातल्या काका-पुतण्यांनी 'भारत फ्लोअरिंग्ज' सुरू केली. परदेशी फरशीच्या तोडीची सिमेंटची फरशी इथेच घडवायची, हा त्यांचा ध्यास. खादीसारखी फरशीही स्वदेशी असू शकते, हे त्यांनी करून दाखवलं. तिकडे तमिळनाडूतल्या चेट्टिनाडमध्ये अथंगुडीच्या फरश्या तर दाबयंत्राशिवाय बनतात: रंग काचेवर ओततात, आणि काचेचा गुळगुळीतपणाच फरशीची चकाकी होऊन उतरतो.

या फरशीचा एक शत्रू आहे. मागे एकदा डाग काढायला म्हणून मी बोळातल्या एका उघड्या कोपऱ्यावर बाजारातलं फरशी साफ करायचं ॲसिड टाकलं होतं. बारीक फेस आला आणि लाल रंग कायमचा पांढुरका झाला. संगमरवराची भुकटी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्लाने ते विरघळतं आणि वायू बाहेर पडतो, तोच तो फेस. लिंबाच्या थेंबानेही हेच होतं. म्हणून अशी फरशी न्हाणीघरात घालायची तर बसवल्यावर सीलर लावून तिची छिद्रं बुजवावीत आणि पुढे साध्या साबणाच्या पाण्याखेरीज काही लावू नये. मोबदल्यात ती पाय सहसा घसरू देत नाही. तिचा खरखरीत पोत ओल्या पायाला जी पकड देतो, ती चकचकीत फरशी देत नाही.

मळ दिसावा म्हणून पांढरं

भिंतींवरच्या त्या पांढऱ्या, आडव्या टाइल्स न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेमुळे जगभर पोचल्या. २७ ऑक्टोबर १९०४ ला ती रेल्वे सुरू झाली. तिच्या स्थानकांचे वास्तुरचनाकार हाइन्स आणि लाफार्ज यांनी भिंतींना तीन बाय सहा इंचांच्या पांढऱ्या चकाकीच्या टाइल्स लावल्या. जमिनीखाली जायला घाबरणाऱ्या लोकांना तिथे उजेड आणि स्वच्छता दिसायला हवी होती.

पांढऱ्याचा हा आग्रह कुठून आला? रोग दूषित हवेने होतात असं शतकानुशतकं मानलं जात होतं. मग पाश्चर आणि कॉख या शास्त्रज्ञांनी रोगांमागचे जंतू दाखवले. १८८२ मध्ये कॉखने क्षयाचा जंतू जगापुढे ठेवला. शत्रू डोळ्यांना न दिसणारा निघाल्यावर घराच्या आतला भागच बदलला. लाकडी तक्तपोशी, गालिचे, पडदे न्हाणीघरातून बाहेर गेले. जिथे मळ लपेल अशी जागा नको, आणि मळ असेल तर तो लगेच दिसायला हवा, म्हणून पांढरं. मुंबईत १८९६ ला प्लेग आला, १८९८ मध्ये शहराच्या सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि घरात वारा-उजेड किती येतो हा शहराच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न झाला.

टाइलच्या चकाकीला आपण पॉलिश समजतो. ती खरं तर काच असते. भाजलेल्या मातीवर काचेची पूड पसरून पुन्हा भट्टीत घालतात. ती वितळते, पसरते आणि मातीला बिलगून बसते. काचेत पाणी मुरत नाही. जुन्या टाइलवर केसासारख्या भेगांचं जाळं दिसतं, त्याचंही कारण या जोडीतच आहे: थंड होताना माती एका मापाने आकसते, काच दुसऱ्या. थोडा फरक असला तरी वर्षांनुवर्षं ताण साठतो आणि एके दिवशी काच बारीक तडकते. मला ते जाळं म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांपाशी पडणाऱ्या सुरकुत्यांसारखं वाटतं. भिंतीवर ते शोभतं. जिथे पाणी सतत पडतं तिथे मात्र अखंड टाइलच हवी.

ओंजळभर पाण्याचा पहारा

आमच्याकडे आलेला प्लंबर ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्याचा. देशभर नळकाम करणारे असंख्य हात त्याच भागातले. त्याला मराठी येत नाही. तो मला हिंदीत म्हणाला, "मॅडम, पहले नहानी ट्रॅप बदलना पड़ेगा." मी चमकले. नहानी म्हणजे न्हाणी! मराठी-गुजराती घरांतला हा शब्द भारतातल्या प्लंबिंगच्या पाठ्यपुस्तकांत, दुकानांत, कंत्राटदारांच्या वह्यांत जाऊन बसला आहे. ज्यांच्या घरी न्हाणी हा शब्द कधी बोलला गेला नाही, तेही जमिनीतल्या त्या जाळीखालच्या भांड्याला नहानी ट्रॅपच म्हणतात.

या ट्रॅपमध्ये हलणारा एकही भाग नाही. फक्त एक वळण आहे. पाणी वाहून गेलं तरी वळणात थोडं अडकून राहतं, साधारण पाच सेंटिमीटर खोल. गटारातली हवा वर यायला निघते आणि त्या पाण्याशी अडते. १७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने शौचालयासाठी एस अक्षराच्या आकाराच्या अशा नळीचं पेटंट घेतलं. आयुष्य सूक्ष्म दातेरी चाकांत घालवलेल्या माणसाने इथे एकही चाक वापरलं नाही. शहरातल्या घरात शौचालय माजघराला खेटून राहू शकतं, ते या ओंजळभर पाण्याच्या जिवावर.

आणि साखळीची टाकी? ती उंचावर का? पाणी दोन मीटर उंचावरून पडलं तर, घर्षण सोडून हिशेब केला, खाली पोचेपर्यंत त्याला ताशी बावीस किलोमीटरचा वेग येतो. पंप नाही, वीज नाही, उंचीच सगळं काम करते. साखळी ओढली की आतली लोखंडी घंटा उचलली जाते, खाली येताना ती पाण्याला मधल्या नळीच्या तोंडावरून पलीकडे ढकलते आणि सायफन सुरू होतो; मग टाकी रिकामी होईपर्यंत तो थांबत नाही. सायफनला खाली झडप नसते, म्हणून थेंब थेंब गळतीही नसते. पाणी वाचतं म्हणूनच ब्रिटनमध्ये नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत फ्लशच्या टाकीला सायफनच असावा असा नियम होता. आता मात्र हिशेब बदलला आहे. त्या टाक्या एका वेळी दहा-बारा लिटर पाणी सोडत. आजच्या टाकीला सहा आणि तीन लिटर पुरतं. जुनी टाकी डोळ्यांना कितीही आवडली तरी आपल्या धरणांकडे पाहून मी नवीच घेतली.

विसण

मराठीत एक शब्द आहे, तो माझ्या लेकीला मला समजावून सांगावा लागला: विसण. बंबातलं कढत पाणी घंगाळात काढायचं आणि सोसेल असं होईपर्यंत त्यात थंड पाणी घालायचं, ते थंड पाणी म्हणजे विसण. ऐंशी अंशांचं एक तांब्या पाणी आणि वीस अंशांचं दोन तांबे पाणी मिळून बरोबर चाळीस अंश होतात. आजी हे हाताच्या पंजाने मोजायची. आज भिंतीवरचा मिक्सर नळ दिवसभर विसणच घालत असतो.

न्हाणीघर नव्याने करणंही असंच. सगळं जुनं ठेवलं तर सोसत नाही, सगळं नवं केलं तर त्यात ऊब राहत नाही. मी केलेलं विसण सांगते.

जे दिसत नाही ते सगळं नवं केलं. जुना कोबा काढून वॉटरप्रूफिंग केलं आणि दोन दिवस पाणी कोंडून खालच्या घराच्या छताला ओल येत नाही ना ते पाहिलं. दर मीटरला बारा ते पंधरा मिलिमीटर उतार जाळीच्या दिशेने काढला. नक्षीची फरशी घालताना हा उतार बिघडायला वेळ लागत नाही, म्हणून फरशी बसवणाऱ्याशेजारी उभं राहावं. गीझरच्या लाइनला शॉक लागण्याआधी वीज तोडणारा ब्रेकर बसवला. हवा बाहेर जाईल अशी सोय केली. बंब पुन्हा पेटवायचा मोह झाला होता, पण बंद खोलीत जळणाऱ्या विस्तवातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वासही नसतो. जुन्या न्हाणीला धुराडं आणि उघडा झरोका असायचा; आमच्या इमारतीत ते नाही. कारण गेलं, तिथे वस्तूलाही कामातून मोकळं केलं.

जे हाताला लागतं ते जुन्या धर्तीचं ठेवलं. पितळी नळ घेतले, वर लाखेचा मुलामा नसलेले. ते काळवंडतात, हे खरं. पण उघड्या तांब्याचा आणि पितळेचा एक गुण मुलाम्याखाली दडून जातो. कार्ल फॉन नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाला दिसलं होतं की तांब्याचा अगदी सूक्ष्म अंश असलेल्या पाण्यात शेवाळ मरून जातं. त्याचा हा शोध १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. २००८ साली अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने तांब्याच्या मिश्रधातूंना जंतू मारणारे पृष्ठभाग म्हणून मान्यता दिली. रोज अनेक हात लागणाऱ्या नळाला याहून चांगला धातू कोणता?

आणि काळेपणा घालवायला स्वयंपाकघरात उपाय आहेच. बंब मी चिंच-मिठाने घासला. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तांब्यावरचा ऑक्साइडचा काळा थर विरघळवतं, मीठ त्या कामाला जोर देतं. पहिल्या हातातच काळ्यातून गुलाबी पट्टा उजळला आणि मठाराचा प्रत्येक खळगा दिव्याच्या उजेडात वेगळा चमकू लागला. बोळातल्या वाचलेल्या चौदा फरश्या आरशाखाली बेसिनमागे बसवल्या, साडेतीन फुलं झाली. अर्धं फूल तसंच ठेवलं. कोनाड्यात शिकेकाईचा डबा आणि आजीची वज्री आहे, टाच घासून घासून तिची एक बाजू सपाट झालेली. बंब दाराशी उभा आहे, त्याच्यात आता टॉवेल असतात.

काम संपल्यावर आम्ही दोन आठवडे गावाला गेलो. परतलो, दार उघडलं आणि न्हाणीघरातून गटाराचा वास आला. एवढा खर्च करून काहीतरी चुकलं, या विचाराने माझ्या पोटात गोळा आला. मग एकदम आजी आठवली. सुटीहून परतल्यावर पायातली वहाण काढायच्याही आधी ती मोरीपाशी जायची आणि जाळीत तांब्याभर पाणी ओतायची. मी तेव्हा समजायचे, ती घराला नमस्कार करते आहे.

घर बंद असताना वळणातलं पाणी सुकून जातं, पहारा उठतो. तिला हे कुणी शिकवलं मला ठाऊक नाही. मी तांब्या भरला, जाळीत ओतला आणि तशीच वाकून ऐकत राहिले. खाली वळणात पाणी डुबकलं, थांबलं. थोड्या वेळाने वास गेला.